महानंदाअक्कांची सोबतीण

२ जून
पोचले एकदाची! टेंभुर्णीहून बस, मग रिक्षा, आणि भवानी पेठेतलं हे तीन मजली घर. महानंदाअक्का पलंगावरून उठत नाहीत. त्यांच्याजवळ राहायचं, एवढंच काम. त्यांचा मुलगा बिरुदेव खालीच टॉवेलचा कारखाना चालवतो. अक्कांनी आपल्या ताटातली कडक भाकरी मोडून दिली. म्हणाल्या, "वैष्णवी? लई लांब नाव. मी गौरम्माच म्हणते की." मला हसू आलं. आईला फोनवर सगळं सांगितलं.

११ जून
वेणी घालायची, अंग पुसायचं, पाय चेपायचे. अक्का बोलायला गोड. झोपताना मात्र पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधतात. फोन बिरुदेवदादांनी ठेवून घेतला. वाजला की अक्का दचकतात म्हणे. दाराला बाहेरून कडी.

२९ जून
गावी जाऊन येते म्हटलं. दादा म्हणाले, अक्कांना कोण बघणार? मग अक्कांना विचारलं, आधीची सोबतीण कुठं गेली? "गौरम्मा? कुटं जाणार? हितनंच नेली की तिला, चौघांनी."
पायाला तेल लाव म्हणाल्या. लावलं.

१७ जुलै
आई आली होती! खिडकीतून दिसली. दारात उभी, काखेत पिशवी. मी काचेवर मुठी आपटल्या, ओरडले. खाली मागांचा खडखडाट. दादा तिच्याशी काहीतरी बोलले. ती पायरीवर बसली, पदरानं तोंड झाकलं, मग गेली. वर बघितलंच नाही.
दादांनी सांगितलं होतं, तुमची पोरगी एका ड्रायव्हरबरोबर पळून गेली. अक्कांनीच मला सांगितलं, हसत.
आईनं खरं मानलं —

ऑगस्ट. तारीख कळत नाही
अक्का गेल्या. सकाळी त्यांचा हात गार लागला. पदराची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. रडले. मी का रडले? आता तरी सोडतील —

दोन-तीन दिवसांनी
अक्कांच्या लेकी आल्यात. शेजारच्या खोलीत वाटणी चाललीय. पाटल्या थोरलीला. धाकटी शरणम्मा म्हणाली, "मग गौरम्मा मला. अक्कलकोटला माझी सासू पडून हाय."
दादा फक्त म्हणाले, ने.
मी ओरडले — मी वैष्णवी, माझी आई टेंभुर्णीत — थोरली म्हणाली, हळू बोल, घरात माणूस गेलंय.

गाडी दारात लागली. जिन्यात पावलं. माग आज बंद आहेत, रस्त्यावर माणसं — पितळी तांब्या घेतला, काच फोडते — आधी काच, मग मोठ्यानं —
कडी काढली कुणी —