लिपे एअरसाठी मिस्सा

ड्युसेलडॉर्फ, ५ ऑक्टोबर २००३

ति. आईस, एल्रॉयचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. सुकेळी हँगरमध्ये सगळ्यांना वाटली. फोरमन म्हणाला, दिसायला चामडं, खायला स्वर्ग. डॅडींना सांग, त्यांची केळी जर्मनीत पास झाली.

आता नीट वाच. आमच्या लिपे एअरचं काही खरं नाही. एका निवृत्त वैमानिकाने १९७१ साली एका जुन्या पंख्याच्या विमानावर ही कंपनी काढली. उन्हाळ्यात जर्मन लोकांना स्पेनच्या बेटांवर न्यायचं, तुर्की कामगारांना सुट्टीत गावी सोडायचं. वाढत वाढत नऊ जेट झाली. पण नवातलं एकही स्वतःचं नाही, सगळी भाड्याची. कमाई उन्हाळ्याची, भाडं बारा महिन्यांचं. अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर लोक विमानाला भ्यायला लागले आणि उरलेलं गिऱ्हाईक स्वस्त तिकीटवाल्यांनी पळवलं. परवा मायोर्काला तेलवाल्याने उधारी बंद केली. कॅप्टनने स्वतःच्या कार्डावर तेल भरून प्रवासी परत आणले. मी सध्या उभ्या विमानाचे भाग काढून उडत्याला लावतो.

माझा इथला मुक्काम या नोकरीवर आहे. ती गेली की परत. उमेळ्याला, इझाबेलच्या घरी, मात्र एवढ्यात काही कळू देऊ नकोस. जानेवारीत आमच्या लग्नाला येईन तेव्हा तिला मीच समोर बसून सांगेन. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही.

डॅडींना नमस्कार. माझ्यावर आहे तशी माया असू दे.

तुझा,
एल्रॉय


गिरीज, १९ ऑक्टोबर २००३

चि. एल्रॉय यास आईचे अनेक आशीर्वाद. जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचता वाचता भात करपला. नऊ विमानं आणि एक आपलं नाही! डॅडी म्हणाले, या जर्मनाला आपल्या गावात कोणी पट्ट्याने वाडीसुद्धा दिली नसती. मी मॅट्रिक झालेली बाई, मला वाटायचं ते लोक हिशेबाला पक्के. हिवाळ्यात धंदा नसतो हे ठाऊक आहे, तर उन्हाळ्यात बाजूला काढून ठेवायला नको? पावसाळ्याची सुकी मासळी मी मे महिन्यातच भरते, ती काय हौस म्हणून?

पण मी इथे बसून काय करू? विमानाला काही माझा हात पोचत नाही. संध्याकाळच्या रोझरीत एक रहस्य, पुरे दहा मणी, तुझ्या कंपनीच्या नावाने म्हणते. डॅडी हसतात, पण प्रार्थनेला उत्तर देतात. चर्चमध्ये मिस्साही मागितली आहे, फादर आपल्या हेतूसाठी प्रार्थना करतील. चिठ्ठीवर सगळं व्यवस्थित लिहिलं: लिपे एअर, ड्युसेलडॉर्फ, मुलगा एल्रॉय, कंपनी बुडू नये, नोकरी टिकावी. नुसतं 'विशेष हेतू' लिहायला मन घेईना. एवढं मोठं मागायचं आणि मोघम?

बाकी कोणाला बोलले नाही. इझाबेल परवा येऊन गेली. पिशवीत जर्मनचं पुस्तक घेऊन फिरते. दाराला काय म्हणतात, खिडकीला काय म्हणतात, मला शिकवत होती. मी तोंड मिटून नारळ खवत बसले. पोरीने विचारलं, आंटी आज गप्प का, तर दाढ दुखते म्हणून सांगितलं. आता तेवढं कन्फेशनला सांगावं लागेल.

गळ्याला मफलर बांधत जा. आमची आठवण असू दे.

तुझी आई,
कार्मिन


ड्युसेलडॉर्फ, ६ नोव्हेंबर २००३

ति. आईस शि. सा. न.

सोमवारी लिपे एअर बंद झाली. शेवटचं विमान बेटावरून आलं, प्रवासी बॅगा घेऊन निघून गेले, त्यांना काही पत्ताच नव्हता. आम्ही सवयीने चाकांना अडण्या लावल्या, इंजिनांवर झाकणं घातली. मग विमानं भाड्याने देणाऱ्यांची माणसं आली आणि ज्याच्या त्याच्या विमानापाशी उभी राहिली. म्हाताऱ्या मालकाने प्रत्येकाशी हात मिळवला. माझं नाव त्याला आठवेना.

त्याच संध्याकाळी इझाबेलच्या डॅडींचा, पीटर अंकलचा फोन. ते म्हणाले, तुझ्या नोकरीसाठी अख्ख्या गिरीजने चर्चमध्ये प्रार्थना केली आणि आम्ही मुलीचे आईबाप असून आम्हाला ते भाचीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तिथे गेलो म्हणून कळलं. मी इझाबेलला फोन द्या म्हटलं. ती आली नाही.

आई, तू केलंस तरी काय?

एल्रॉय


गिरीज, २० नोव्हेंबर २००३

चि. एल्रॉय यास अनेक आशीर्वाद.

एकेकाच्या हेतूच्या वेगळ्या मिस्सा फेब्रुवारीपर्यंत भरल्या होत्या. तोवर कंपनी थांबते थोडीच? म्हणून चिठ्ठी रविवारच्या सामुदायिक मिस्सेत घातली. तिथे हेतू मोठ्याने वाचतात हे मला ठाऊक नाही असं नाही, जन्मभर ऐकत आले. पण लोकांचे ताप आणि परीक्षा ऐकताना आपलंही असंच ऐकू जाईल, हे डोक्यातच आलं नाही. वाचायला गावातली क्लेमेंटीन होती. तिला ड्युसेलडॉर्फ जमेना. माइकवर तीनदा म्हणाली. पीटरभाऊ पुढच्या बाकावरून वळून माझ्याकडे बघत राहिले. सगळे 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणाले, मीही म्हणाले. दुसरं काय करणार होते?

काल ते साखरपुड्याची अंगठी परत करायला आले. रागावले असते तर बरं झालं असतं. चहा घेतला. डॅडी त्यांना म्हणाले, पोराच्या हातात कला आहे, मुंबईच्या विमानतळावरही काम मिळेल. त्यावर पीटरभाऊ म्हणाले, युजीन, नोकरीचं काय, माझीही एकदा गेली होती. पोरगीच तयार नाही.

इझाबेल बाहेर माडाखाली उभी होती, घरात येईना. मी गेले, हात धरला, माफी मागितली. ती म्हणाली, तुमच्यावर माझा राग नाही आंटी. एल्रॉयने तुम्हाला सांगितलं, मला नाही. मी इकडे जर्मन शब्द पाठ करत बसले होते. तुझी बाजू घ्यायला मी गेले नाही रे. आईने बोलून तर एवढं झालं, आणखी काय बोलायचं?

अंगठी कपाटात आहे. तिकीट मिळेल तेव्हा ये, घर आहे, ताट आहे. पण त्याआधी तिला पत्र लिही. माझ्या पाकिटात घालून पाठवू नकोस, सरळ उमेळ्याच्या पत्त्यावर टाक. आणि काय लिहिलंस ते मला कळवू नकोस. मी विचारलं तरी नाही.

तुझी आई,
कार्मिन