एकशेवीस व्होल्टचा बर्फोबा

बेंडिगो, १४ जानेवारी

चिरंजीव लिंडसे यास,

मर्विनदादाचे आशीर्वाद. (धाकट्या भावाला लिहायचे असतात म्हणून लिहिले आहेत. पत्र वाचून झालं की त्यातले किती शिल्लक राहतात ते तूच बघ.) तिकडे ओहायोत बर्फ पडत असेल, तुझी कंबर बरी असेल, तुझी डार्लीन आणि तिची ती दोन भुंकणारी कुत्री मजेत असतील असं धरून चालतो. इकडे आईचे गुडघे होते तसेच आहेत, मोतीबिंदू वाढलाय, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझा रक्तदाब चढलाय. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही कटकट आहे का? म्हटलं, आहे, अमेरिकेहून आलीय.

आईने या ख्रिसमसला एकच गोष्ट मागितली होती. "लिंडसेला म्हणावं, या खेपेला ये. पुढच्या खेपेचा भरवसा मी देत नाही." मी ते तुला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तू "बघतो" म्हणालास. आणि डिसेंबर लागतो न लागतो तोच दारात काय आलं? खोका! माणूस मागवला, खोका आला. आत दिव्यांच्या माळांचा ढीग, दिव्यांचाच केलेला पुरुषभर उंचीचा बर्फाचा बाहुला म्हणजे बर्फोबा, गाण्यांचा भोंगा, आणि या सगळ्यांना तालावर नाचवणारा तो हिरवा डबा, ज्याला तू कौतुकाने कंट्रोलर म्हणतोस. बरं, नवं तरी पाठवायचंस! प्रत्येक प्लगवर लाल नेलपॉलिशचे ठिपके. सख्ख्या आईला ख्रिसमसची भेट, आणि तीही वापरून जुनी झालेली? मी जन्मभर बस चालवली, पण उतारूंनी विसरलेल्या छत्र्या कधी कुणाला भेट म्हणून दिल्या नाहीत.

तेही सोसलं. पण आपल्या भिंतीत दोनशेतीस व्होल्ट असतात हे तुला मी सांगायला हवं? अरे, लहानपणी टोस्टरमध्ये काटा घालून ते तू स्वतः चाखलेस, आणि दोन दिवस तोंडातून शब्द फुटला नव्हता. (घरात तेवढीच शांतता लाभली.) तुझ्या त्या प्लगचे पाय सरळ, आमच्या भिंतीची भोकं तिरकी, म्हणून मी दुकानातून मधली जोडणी आणली. प्लग बसला. आता प्लग बसल्यावर शहाण्या माणसाने काय समजायचं? बसला, म्हणजे चालतो! तरी मी बाबांची शिकवण मोडली नाही. आधी माळ तपासायची, मग शिडीवर चढायचं. म्हणून नुसती एकच माळ भिंतीला लावली. तिने एकदा असे काही डोळे वटारले म्हणून सांगू, की भर दुपारी खोलीत दुसरा सूर्य उगवला. मग फट्! पंखा बंद, फ्रीज बंद, शेगडीवर सकाळपासून रटरटत असलेलं आईचं ख्रिसमसचं पुडिंग बंद, आणि सगळ्या घरात जळका वास. माझ्या भुवईचे केस गेले ते अजून आलेले नाहीत. आणि आई खुर्चीतून काय म्हणाली असेल? "छान होतं रे मर्विन. मलासुद्धा दिसलं. पुन्हा लाव!"

लगेच तुला फोन केला, तर तू म्हणे, "अरे मर्व्ह, मागे लिहिलंय की, एकशेवीस." लिहिलंय! मुंगीला चष्मा लावून बसवली तरी वाचता यायचं नाही अशा अक्षरांत लिहिलंय. पाठवणाऱ्याने तोंडाने सांगायचं, की घेणाऱ्याने भिंग घेऊन बसायचं? (त्या दिवशी तुझा आवाज मात्र स्वच्छ येत होता. एरवी त्या कुत्र्यांच्या भुंकण्यात निम्मी वाक्यं वाहून जातात.)

शेवटी धावून कोण आलं? शेजारच्या व्हूलाबाई. त्यांची लेक शिकागोला बाळंत झाली तेव्हा त्या जाऊन आल्या होत्या आणि येताना पीठ फेटायचं तिकडचं यंत्र घेऊन आल्या, त्यामुळे त्यांच्याकडे दोनशेतीसचे एकशेवीस करणारा ट्रान्सफॉर्मर आहे. दिसायला बुटांच्या खोक्याएवढा, उचलायला सिमेंटचं पोतं. एकदा ऐकवल्याशिवाय त्यांनी तो दिला नाहीच. "मी ग्रीसच्या खेड्यातली बाई, शाळेत गेले नाही. पण यंत्र लावायच्या आधी मी विचारलं हो. तुमच्याकडे पुरुषांनी विचारायची पद्धत नाही का?" गरजवंताला अक्कल नसते, मला तर भुवईही नव्हती. वर त्यांची अट, की नाताळची बिस्किटं करायची वेळ झाली की ट्रान्सफॉर्मर परत. तेव्हापासून बागेतली ढकलगाडी घेऊन मी रोज त्यांच्या फाटकातून माझ्या फाटकात आणि माझ्यातून त्यांच्यात करतोय.

मग शिडी, छप्पर, इकडच्या डिसेंबरातलं चाळीस डिग्रीचं ऊन, आणि तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून मी. सगळं टांगलं, बर्फोबाला हिरवळीवर उभा केला आणि सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं, की अंधार पडला की या. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. व्हूलाबाईंनी साखरेत घोळलेल्या बिस्किटांचं ताट आणलं. आईला नवा झगा घालून मधोमध बसवली. मी बटण दाबलं. काही नाही! पुन्हा दाबलं, डब्यावर चापट मारली, प्लग काढले, घातले, ट्रान्सफॉर्मर आपला मांजरासारखा गुरगुरतोय, बर्फोबा ढिम्म. लोक सभ्य, कुणी हसलं नाही. "पुढच्या वर्षी बघू हं मर्विन," असं म्हणत बिस्किटं संपवून गेले. कुणीतरी हसायला हवं होतं रे. ते कीव करणं फार लागलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी आखूड चड्डीवर दाढी करतोय, तोच अंगणात हा भोंगा कोकलायला लागला! घुंगरांची गाडी, बर्फात घसरगुंडी, जय हो नाताळबाबा! धावत बाहेर येतो तर रणरणत्या उन्हात छप्पर लुकलुकतंय, पायऱ्या लुकलुकताहेत, आणि बर्फोबा हात हलवून कचऱ्याच्या गाडीला सलाम ठोकतोय. पोस्टमन मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काय काका, रात्री बंद करायला विसरलात वाटतं?" एक वाजेपर्यंत तो तमाशा चालला आणि आपोआप थांबला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. डब्याच्या पोटात ठरल्या वेळी दिवे लावणारं, बॅटरीवर चालणारं घड्याळ आहे, आणि ते तू ओहायोच्या वेळेवरच ठेवलंस! तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले की आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ. व्होल्ट तुझे, वेळ तुझी, भुवई तेवढी माझी!

घड्याळ फिरवायचं बटण मी शोधून काढलं. (होय, भिंग घेऊन.) दाबणार, एवढ्यात आई काठी टेकत आली. "हात लावू नकोस. आता लिंडसेकडे संध्याकाळ झालीय." संपलं! तेव्हापासून रोज सकाळी नऊला आई केस विंचरून, चहा घेऊन व्हरांड्यात बसते. उन्हात ते दिवे माझ्यासारख्या डोळसाला दिसत नाहीत, तिला काय दिसणार? पण बर्फोबाला हात हलवते. तुझ्याकडेही तेव्हा हेच दिवे लागलेले असतात असं तिच्या मनाने घेतलंय. व्हूलाबाईही येऊन बसायला लागल्या. म्हणजे बिस्किटांचं पीठ फेटायचं काम दुपारी, आणि ढकलगाडीची फेरी भर उन्हात मला.

यातच नाताळ गेला, सहा जानेवारी गेली, गल्लीतल्या सगळ्यांनी दिवे उतरवले. त्यानंतर ठेवणं अपशकुन मानतात, हे आईनेच आपल्याला शिकवलं. पण मी शिडी काढली की ती म्हणते, "उद्या." लोक आता कुत्रा फिरवायला रस्त्याच्या पलीकडून जातात. तेव्हा माझं मागणं सरळ आहे: हा तुझा बर्फोबा, हा डबा, या माळा परत कशा पाठवायच्या ते कळव, आणि यापुढे आईला शाल पाठवत जा. शालीला व्होल्ट नसतात.

तुझा संतप्त भाऊ,
मर्विन

ता.क. आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, वापरलेल्या वस्तूंबद्दल लिहिलंस ते खोड. मी खोडणार नाही. लिहिलं ते लिहिलं.

ता.क. दुसरा. आता ती सांगते, की खोका उघडला त्याच दिवशी तिने प्लगांवरून बोट फिरवलं होतं. तो नेलपॉलिशचा ठिपका डार्लीनची खूण. एक ठिपका छपराची माळ, दोन पायऱ्यांची, तीन कुत्र्यांच्या घराची. तूच कधीतरी फोनवर तिला हसत सांगितलं होतंस म्हणे. "सगळ्याच आहेत, मर्विन. एकही मागे ठेवली नाही त्याने. घर असतं तर घरचे सगळे दिवे कुणी पाठवले असते का?" मी विचारलं, मग तिकडे पाच वाजता काय लागतं? म्हणाली, "काही नाही. म्हणून तर इथे लावते. त्या वेळी तो एकटा असतो." इतके दिवस मी शेजारी बसून चहा पीत होतो आणि मला हे कळलं नाही. तुझा आवाज इतका स्वच्छ का येत होता, मागे कुत्री का भुंकत नव्हती, तेही नाही.

ता.क. तिसरा. काय झालं, कुणाचं चुकलं, मी विचारणार नाही. आईलाही विचारू देणार नाही. (ती विचारेल.) तुझी जुनी खोली झाडून ठेवलीय, पंखा दुरुस्त केलाय. काही आणू नकोस. वर जे परत पाठवायचं लिहिलंय ते सोडून दे. ते घड्याळ मात्र तू येऊन तुझ्या हाताने इकडच्या वेळेला लाव, मला ती हात लावू देत नाही. लवकर ये रे. आम्ही अजून ते दिवे अंधारात पाहिलेले नाहीत.