ट्रेमधली जिन

४ जानेवारी, शनिवार

फिनेल! इतके दिवस वाट बघून मागवलेली बाटली, आणि पहिल्या घोटाला आई म्हणते, "फरशी पुसायचं फिनेल आहे गं हे!" बाबा तर हसून हसून खोकायलाच लागले.

वास तसा येतोच, खोटं कशाला. बाटलीवर मोठ्ठं 'झिरो' लिहिलंय. अल्कोहोल-फ्री जिन म्हणजे जिनचा सगळा मसाला आहे, फक्त दारू नाही. आणि ती नुसती प्यायची नसतेच! हे मला आत्ता कळतंय. मग लिंबू पिळलं, काकडीच्या चकत्या टाकल्या, पुदिना तळहातावर आपटून घातला. चुरगळला की कडू होतो. वर टॉनिक वॉटर. शेकर नाही, म्हणून आईची दुकानात न्यायची स्टीलची बाटली घेतली. हलवताना झाकण उडालं. पुदिना थेट ट्यूबलाइटवर!!

आई ओरडली. पण दुसरा ग्लास बाबांनी सावकाश, शेवटपर्यंत संपवला. "उस्ताद, हे जमलंय."

मार्चमध्ये बाबांना दारू सोडून वर्ष होईल. त्या दिवशी घरी पार्टी. काका-काकू, दारू सोडणाऱ्यांच्या गुरुवारच्या मीटिंगमधले बाबांच्या ओळखीचे सगळे. आणि काउंटरमागे मी. ठरलं!

५ जानेवारी, रविवार

शॉक!! बाटलीचा दगड झाला! व्हिडिओत सगळे जिन फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणून मीपण ठेवली. सकाळी बघते तर आत पांढरा ठोकळा. नशीब काच फुटली नाही.

बाबांनी ती नळाखाली धरली. "अगं शहाणे, हे पाणीच आहे. गोठणारच. खरी असती तर गोठली नसती. खरी नुसती दाट होते, तेलासारखी, आणि —"

आणि पुढचं बोललेच नाहीत. आईचा कप पुसणारा हात थांबला. मीपण काहीतरी शोधल्यासारखं फ्रिजमध्ये डोकं घातलं. आमच्या घरात अशी अर्धी सोडलेली वाक्यं खूप आहेत.

९ जानेवारी, गुरुवार

जीनियस आहे मी. गोठते ना? मग गोठवायचीच! बर्फाच्या ट्रेमध्ये झिरो जिन, प्रत्येक खणात लिंबाची साल. साधा बर्फ विरघळला की ड्रिंक पाणचट होतं, हे क्यूब विरघळले की उलट चव वाढते. मस्त टणक झाले. वरून आल्याचा रस, मध, सोडा.

बाबा मीटिंगहून आले तेव्हा हातात ग्लास दिला. म्हणाले, "मीटिंगवाले म्हणतात असलं काही नको. वास ओळखीचा असतो ना." मी घाबरलेच. पण मग स्वतःच म्हणाले, "माझ्या नाकाचं मी बघतो. तू दे."

१२ जानेवारी, रविवार

आईपण फॅन झाली!! फिनेल म्हणणारी बाई आता दुकानातून आल्या आल्या स्वतःचा ग्लास स्वतः करते. क्यूब नको, लिंबू नको, झिरो जिन आणि नुसता सोडा. मी म्हटलं, "आई, काही क्रिएटिव्हिटी?" तर म्हणे, "मला तुझं ते बागकाम नको ग्लासात."

चष्म्यांच्या दुकानात दिवसभर डोकं पिकतं बिचारीचं. टीव्हीसमोर बसते, ग्लास घेऊन. बाबांच्या त्या दिवसांत हिला असं नुसतं बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. कायम दाराकडे कान.

१८ जानेवारी, शनिवार

बाबांचं काहीतरी बिनसलंय. आज तुळस आणि संत्र्याची साल घालून केलं होतं. म्हणाले, "आज नको." कालपण नको. स्वयंपाकघरात येतात, फ्रिज उघडतात, नुसतेच बघत बसतात, बंद करतात. मग मला म्हणाले, "ही बाटली घरात हवीच का गं?"

"पार्टीची प्रॅक्टिस आहे, बाबा!"

"पार्टी राहू दे."

राहू दे?? माझा चेहरा बघून आईच म्हणाली, "करू दे की तिला. चांगलं काही घडतंय घरात तर तेही खुपतं तुम्हाला." बाबा लिफ्ट-दुरुस्तीची इमर्जन्सी आहे सांगून बाहेर पडले. रविवारी रात्री फोन आला तरी कुरकुरणारा माणूस, आज फोन न वाजताच गेला.

२५ जानेवारी, शनिवार

अपमान! शुद्ध अपमान!

पार्टीचं मेन ड्रिंक ठरवलं होतं. कलिंगडाचा रस, काळी मिरी, झिरो जिन जरा सढळ. ग्लासाच्या कडेला मीठ. बाबांसमोर ट्रेमध्ये नेऊन ठेवलं, रुमालबिमाल घेऊन. त्यांनी ग्लास उचलला, तोंडाशी नेला. आणि थांबले. चेहरा असा उतरला की मला वाटलं छातीत दुखतंय. उठले, सगळं बेसिनमध्ये ओतलं, ग्लास घासला. परत घासला.

"यातलं तू प्यायलीस?"

"नाही अजून. का?"

"पिऊ नकोस."

का ते सांगायचं नाही! एवढं चिरलं, गाळलं, मिठाच्या कडा केल्या, चाखायचं ठेवलं होतं ते सगळ्यांबरोबर म्हणून. बाबा आईकडे बघत होते, आई टीव्हीकडे. दोघंही मला लहान समजतात.

उरलेली जिन रागारागात ट्रेमध्ये ओतली. फ्रीझर धाडकन बंद. उद्या मैत्रिणीला घेऊन जाणार क्यूब. तिला तरी कौतुक आहे.

२६ जानेवारी, रविवार

गोठले नाहीत.

ट्रे बाहेर काढला तर डुचमळला. आधी वाटलं फ्रीझर बिघडला. पण शेजारच्या पिशवीतले मटार दगड! बोट बुडवलं. दाट. गार. तेलासारखं.

चाटून बघितलं. घसा जळत गेला.

फ्रिज टूं टूं करायला लागला तेव्हा दार लावलं. खरी जिन. माझ्या बाटलीत. माझ्या! झिरो लिहिलेल्या बाटलीत! कोण संशय घेणार तिच्यावर? काय डोकं लावलंय! आणि मी त्यांच्यासाठी मिठाच्या कडा करतेय!

आता सगळं जुळतंय. आज नको, उद्या नको. फ्रिज उघडून बघत बसणं. काल बेसिनमध्ये ओतणं तर नाटकच — मी चाखलं असतं तर कळलं असतं ना!

ट्रे तसाच बाहेर घेऊन गेले, निम्मा अंगावर सांडला. बाबा बूट पुसत होते. मी ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही. एवढं आठवतंय की म्हटलं, "वर्ष? कसलं वर्ष? शून्य! शून्य आहे तुमचं!"

आई धावत आली. "जाऊ दे ना गं, हळू बोल." मी म्हटलं, "तू अजून पाठीशी घाल त्यांना!" ती पदराला — नाही, नॅपकिनला — हात पुसत राहिली. कोरडेच होते हात.

बाबा ट्रेकडे बघत होते. मग आईकडे. खूप वेळ. मला वाटलं आता नाही म्हणतील. देवाशपथ, ते नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

"हो," ते म्हणाले. "माझीच आहे."

२७ जानेवारी, सोमवार

बाबा काकांकडे गेले. हत्यारांची बॅग आणि दोन शर्ट. "तुझ्या डोळ्यांसमोर नको काही दिवस." मीटिंगमध्ये पण सांगणार म्हणे, की शपथ तुटली, दिवस पहिल्यापासून मोजायचे. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम साधा. लिफ्टचा कुठला पार्ट गेला हे सांगतात तसा.

दारात म्हणाले, "आईला एकटं सोडू नकोस."

वा! आता आईची काळजी!!

बाटली फोडून कचऱ्यात टाकली.

३० जानेवारी, गुरुवार

काकांचा फोन. "अगं, तो रोज मीटिंगला जातोय. नीट आहे एकदम. वासबिस काही नाही हो." मी म्हटलं, लपवण्यात एक्स्पर्ट आहेत ते. काका म्हणाले, "बघ बाई, घरी कळवायचं म्हणून कळवलं."

२ फेब्रुवारी, रविवार

घर कसं गपगार. मी म्हटलं, आता हा नाद बंद. आईच म्हणाली, "त्यांच्यापायी तू का सोडतेस तुझी आवड? आण दुसरी बाटली." किती समजूतदार आहे ती! एवढं होऊनसुद्धा! परवा तिचं डोकं दुखत होतं, लवकर झोपली, तरी जाताना माझ्या केसांतून हात फिरवून गेली.

आणली. सील मी स्वतः तोडलं. ट्रे लावला. संध्याकाळी क्यूब टणक! एवढा आनंद झाला की रडूच आलं. मग आई आणि मी, दोन ग्लास. ती नुसत्या सोड्यात.

मार्चमधल्या पार्टीच्या तारखेला कॅलेंडरवर केलेला गोल तसाच आहे. खोडवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या मैत्रीण येतेय. काकडीवाले क्यूब हवेत तिला. बाटली फ्रिजच्या दारात होती, गळ्यापर्यंत भरलेली. आम्ही दोघी इतकं कमी पितो?

ट्रे लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

गोठले नाहीत.

बाबा काकांकडे आहेत. घरात फक्त मी आणि आई.