तेरा आयांच्या सह्या

प्रिय पेइ-लान,

अख्ख्या काउशुंग शहरात मला तुझ्याइतका राग कुणाचाच आला नव्हता, हे आधी सांगून टाकते. शाळेत वक्तृत्वाची ढाल दरवर्षी मी पटकावली. तू मागच्या बाकावर नखं कुरतडत बसायचीस. आणि माझी लेक अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जेमतेम किलोभराची जन्मली, तेव्हा तिच्या काचपेटीत पहिला हात घातलास तो तू!

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना गिळायला शिकवणं हे तुझं कामच, हे कळत होतं गं. हातमोजा चढवून करंगळी रोउ-रोउच्या तोंडात द्यायची. ती किती वेळा चोखते, कधी गिळते, मध्ये श्वास घेते का, ते बघायचं. ही तिन्ही कामं एका लयीत जमल्याशिवाय नाकातली नळी निघणार नव्हती. पण दर तीन तासांनी यंत्र लावून दूध काढायचं मी, आणि पाजायचं तू? तुझी पावलं वाजली की नर्स म्हणायच्या, "रोउ-रोउ, मावशी आली बरं का!" आणि ती ओठ पुढे काढायची. माझ्या मांडीवर मात्र ढिम्म झोपायची. बाळंतिणीसाठी केलेल्या तिळाच्या तेलातल्या कोंबडीचा डबा उघडता उघडता सासूबाई म्हणाल्या, "पोरीला कळतं हो, कुणाचा हात हलका ते!"

त्याच दुपारी मी वॉर्डाबाहेर स्टुलावर चढले. मूल आईच्या मांडीवरच दूध पिईल, आया इथे पाहुण्या नाहीत, असं गरजले. माझ्या अर्जावर तेरा जणींनी सह्या केल्या. तू आयांना बाळाजवळ येऊ देत नाहीस, असं तुझं नाव मात्र अर्जात मी घातलं. त्यांच्यापैकी कुणीही ते सुचवलं नव्हतं. आठवड्यात तुझी बदली सहाव्या मजल्यावर झाली, पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यांना गिळायला शिकवायला.

मी जिंकले, बाटली माझ्या हातात आली. तीस मिली संपवायचंच म्हणून मी ती तिच्या तोंडात फिरवत राहिले. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा घसरला, रोउ-रोउचे ओठ निळे पडले. थोरल्या नर्स चेनबाईंनी बाटली हिसकावली, तिला कुशीवर वळवून पाठ चोळली. रंग परतल्यावर म्हणाल्या, "बाई, भाषणात तुम्हीसुद्धा मध्ये दम खाता ना? मग तिलाही खाऊ द्या की!" तेव्हापासून बाटली ओठांना लागली की रोउ-रोउ तोंड फिरवते.

गुरुवारी तिची पुन्हा तपासणी आहे. जमलं नाही तर नळीसकट घरी. आज सकाळी विभागप्रमुखांना मी दुसरा अर्ज दिला, आणि त्या तेरा जणींनाही वाचून दाखवला. आईच्या मांडीची मागणी तशीच आहे, ती खरीच होती. तुझ्याविरुद्धचा मजकूर खोटा होता, मत्सरातून लिहिला होता, असं माझ्या सहीनं लिहून दिलंय. प्रमुख तुला सहाव्या मजल्यावरून सोडायला तयार आहेत, पण तू हो म्हणालीस तरच. म्हणून हे पत्र. गुरुवारी ये. ती माझ्या मांडीवर असेल, तुझी दोन बोटं तिच्या हनुवटीखाली असू देत. थांब म्हणशील तिथे मी थांबेन. ती तुझ्याकडेच बघत प्यायली तर मी जळणार, ते काही सुटायचं नाही. तरी ये.

तुझीच,
शू-निंग