हांडशू आणि माझा आवाज

३ फेब्रुवारी, सकाळ
मेंदूच्या प्रयोगशाळेने आवाजासाठी माझी निवड केली. मी जर्मनचे क्लास घेतो, दुसरं कोण मिळणार होतं? जोडशब्द वाचायचे. हांड म्हणजे हात, शू म्हणजे बूट, हांडशू म्हणजे हातमोजा. ऐकणाऱ्यांच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतल्या लाटा मोजणार. मेहुण्याला फोन केला. त्याने फारच मनापासून अभिनंदन केलं. जळला असणार.

५ फेब्रुवारी
संशोधक बाई म्हणाल्या, ‘हांड’वर आवाज खाली पाडू नका. पुढे अजून काही येतंय, हे मेंदूला सुरावरूनच कळतं. तुम्ही तिथेच बोलणं संपवता. मला शिकवतात. ऐकणाऱ्यांना टोप्या चढवणारा टेक्निशियन खाली मान घालून हसत होता. दोघांचं काहीतरी शिजतंय.
संकल्प: उद्यापासून रोज तालीम.

६ फेब्रुवारी
तालीम नाही. घसा जपणं महत्त्वाचं.

९ फेब्रुवारी
चष्मा घरी राहिला. बायको घेऊन आली. ती एका ऑफिसात जर्मनची भाषांतरं करते. बाईंनी तिच्या आवाजातही सगळे शब्द रेकॉर्ड करून घेतले आणि वर ‘किती छान’ म्हणाल्या. चष्मा मी विसरलो की कुणी विसरायला लावला?

१० फेब्रुवारी
बायकोला आडून विचारलं. म्हणाली, अहो, फ्रीजवर तुम्हीच ठेवला होता. उत्तर तयारच होतं.

१७ फेब्रुवारी
ऐकणारे येऊन गेले. टेक्निशियनच्या खांद्यावरून आलेख पाहिला. बायकोच्या आवाजाला लाट जेमतेम. माझ्या ‘हांडशू’ला केवढी उसळी. बाईंना स्पष्ट सांगितलं, निकाल दडपू नका. त्या म्हणाल्या, छे हो, तुमच्याशिवाय प्रयोगच उभा राहत नाही. मेहुण्याला पुन्हा फोन.

२४ फेब्रुवारी
बाईंनी आज नीट समजावलं. सूर चुकला की मेंदू दचकतो आणि ती लाट उठते. बरोबर सुराचे शब्द बायकोचे घेतलेत, चुकीच्या सुराचे सगळे माझे. मुद्दाम चुकायला सांगितलं तर कुणाला इतकं सहज जमत नाही म्हणे. फार वाईट वाटलं. आजवर शिकवलेले सगळे विद्यार्थी डोळ्यांसमोर आले.
पुढच्या प्रयोगालाही त्यांना मीच हवाय. अट एकच, तोवर सुधारायचं नाही. मी हो म्हणालो.
घरी बायको जवळ बसली. म्हणाली, तुम्हाला मी शिकवू का, कुणाला सांगणार नाही. नको म्हणालो. अटीत बसत नाही.