आईच्या नावचं मत

प्रिय धाकट्या,

कागद उलटून बघू नकोस, मागे ह्यांचा फोटो आहे. निवडणुकीची पत्रकं ढीगभर उरलीत, एक बाजू कोरी, टाकवत नाहीत. आता वर्षभर वाणसामानाच्या याद्या ह्यांच्याच पाठीवर होणार.

महापौर झाल्याबद्दल तुझं अभिनंदन सगळ्या शहरानं केलंच आहे. शहराला दुसरं काही करण्यासारखं नव्हतंही. आपण फ्रॉक-चड्डीत होतो तेव्हापासून पक्ष तोच, खुर्चीवरचा माणूस तेवढा बदलतो. म्हणून तर तू उन्हाळ्यात माझ्या ओट्याला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, बिनविरोध आलो तर बाहेरचे लोक नावं ठेवतात, समोर कुणीतरी हवं, आणि भाऊजींइतका निरुपद्रवी माणूस शोधून सापडायचा नाही. हे चहा पीत होते. हसले. तुझा शब्द त्यांनी कधी मोडला नाही, तोही मोडला नाही. अर्जसुद्धा तुझ्याच माणसानं भरला.

चूक एवढीच झाली की ह्यांना ते खरं वाटायला लागलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, घरोघरी जाणं रोजचंच. आधी लोक चेष्टा करायचे, काय महापौर, पट्टा बसवायला तुमचा शिपाई येणार की तुम्ही? हेही हसायचे. मग एका बाईनं नळाचं गढूळ पाणी पेल्यात धरून दाखवलं, दुसरी बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल बोलली, आणि हे घरी येऊन जेवणं सोडून मला ते सांगत बसायचे. जन्मात दोन वाक्यं सलग न बोललेला माणूस चौकात स्टुलावर चढून बोलला. आवाज बारीक, पण बोलला. तुझा निरोप आला होता, भाऊजींना म्हणावं एवढं मनावर घेऊ नका. मी तो त्यांना दिलाच नाही. चेहरा बरा दिसत होता रे त्यांचा.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रात उमेदवाराचा एक माणूस बसतो, कोण येतं कोण जातं ते बघायला. तुझी माणसं सगळीकडे होती. ह्यांच्या बाजूनं बसायला कुणी मिळेना. ज्या घरांत आदल्या आठवड्यात आग्रह करून चहा पाजला, तिथं कुणाला ताप, कुणाकडे पाहुणे, कुणी तर दारच उघडलं नाही. ह्यांनी कुणाला बोल लावला नाही. मग मी म्हटलं, एका ठिकाणी मी बसते. मॅट्रिक झालेय, नावं वाचता येतात. देवापुढे हात जोडले, डबा घेतला आणि आपल्या शाळेत जाऊन बसले. पाढे येत नाहीत म्हणून तू बाकावर उभा राहायचास, तोच वर्ग. शेजारी तुझ्या पक्षाची दोन पोरं होती. वाईट नव्हती, पंखा माझ्याकडे वळवून दिला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मुलगी आली. पंचविशीची असेल नसेल. कारकुनानं चिठ्ठी घेतली आणि सगळ्यांचं वाचत होता तसं मोठ्यानं नाव वाचलं. आईचं. बाबांच्या नावासकट, आडनावासकट, आपल्या आईचं. मी डब्याचं झाकण लावत होते. खरं सांगते, मला वाटलं आई आली. मी तिच्यासाठी दाराकडे बघितलं.

यादीतलं वय बघून कारकुनानं मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी उठले. केंद्रातल्या साहेबांनी विचारलं, ओळखता का ह्यांना?

मी म्हटलं, "हिला नाही ओळखत. जिचं नाव घेतलंत ती माझी आई. ती वारली."

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मला चिठ्ठी दिली, मी आले. मला काय ठाऊक कुणाची आई."

तिचा राग नाही आला. साहेबांनी तिला मत देऊ दिलं. माझी हरकत लिहून घेतली, तीही मी खाली बसेना म्हणून. तिच्या बोटाला शाई लावताना बघत होते. आई मत द्यायला निघायची तेव्हा केस विंचरून, धुतलेले कपडे घालून निघायची, आणि द्यायची तुमच्याच पक्षाला. जन्मभर दिलं तिनं. मेल्यावर तरी तिला घरी बसू द्यायचंस.

काल तुझा सचिव फुलं घेऊन आला. शपथविधीला आम्ही पहिल्या रांगेत बसावं, भाऊजींनी मंचावर येऊन हात मिळवावा, फोटो चांगला येईल म्हणे. चप्पल घालता घालता म्हणाला, ताईंनी ती हरकत मागे घेतली तर बरं, एका मतानं काय होतंय. हे आत अवजारं पुसत होते. तो गेल्यावर म्हणाले, "भाऊ तुझा आहे, तू ठरव." तेव्हापासून त्यांनी विषय काढलेला नाही.

एका मतानं काही होत नाही हे खरंच. तुझी खुर्ची हलायची नाही, आणि मला ती हलवायचीही नाही. पण हरकत मी मागे घेतलेली नाही. परवा सुनावणी आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, बाई, मृत्यूची नोंद दप्तरात सापडत नाही, तुमची आई वारली ह्याला तुमच्याशिवाय कोण साक्षीदार? मी म्हटलं, तिचा मुलगा. शेवटी तिचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं, डोळेही त्यानंच मिटले. तुझं नाव मी दिलंय. सरकारी कागद तुझ्या कार्यालयात येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. ते तुला एवढंच विचारतील, आई आहे की गेली. काय सांगायचं ते तू ठरव. मी तिथंच बसलेली असेन.

अजून तरी तुझीच,
ताई