चकचकीत चकती

मंगळवार, संध्याकाळ. भोसरी.

डोकं फिरलंय नुसतं. अवकाश दुर्बिणीच्या चाचणीसाठी आमच्या वर्कशॉपला एकच चकती करायची होती. तिनं ताऱ्याचा उजेड झाकायचा, म्हणजे शेजारचा अंधुक ग्रह दिसेल, त्याच्या हवेत काय आहे ते कळेल. तिच्यावरून उजेड जराही परतायला नको, म्हणून चकती काळीकुट्ट हवी. मी नीट सांगितलं नव्हतं का? शंभरदा सांगितलं! तरी आमच्या पॉलिशवाल्या सलीमचाचांनी काळा थर घासून बफ मारलाच. आरशासारखी चकचकीत! वर मलाच म्हणतात, "ताई, असा काळवंडलेला माल पाठवला तर आपली काय अब्रू राहील?"

उद्या सकाळी प्रयोगशाळेचा माणूस न्यायला येतोय. रागानं चकती समोर धरली, तर तीत माझंच लालबुंद तोंड. ग्रह कुठून दिसणार?